सापडलेला देवदूत

एका खाडीकाठच्या गावात एक शाळा होती. शाळा कसली, चार वर्ग, एक पितळी घंटा आणि अंगणात एक चिंच! पण गावाला तिचा अभिमान असा की विचारू नका. चर्चच्याच आवारात ती होती, सिस्टर लोक ती चालवत, आणि तिचं नाव रक्षक देवदूतांवरून ठेवलेलं होतं. प्रत्येक माणसाच्या पाठीशी देवाने एक देवदूत उभा केलेला असतो, तो दिसत नाही पण सांभाळतो, हे त्या गावातल्या पोरांना बाराखडीच्या आधीच पाठ असायचं.

वर्षातून एकदा या देवदूतांचा सण यायचा. त्याआधी नऊ दिवस संध्याकाळी चर्चमध्ये नोव्हेनाची प्रार्थना, आणि दहाव्या दिवशी सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी उपासना, मग मिरवणूक, मग खाऊ. पण पोरांचा जीव अडकलेला असायचा तो भलतीकडेच, देवदूताच्या चिठ्ठ्यांत.

गावात जी म्हातारी माणसं एकटी राहत, त्यांची नावं सिस्टर बेनेदिक्ता एका डब्यात टाकायच्या. चौथीच्या प्रत्येक मुलाने एक चिठ्ठी उचलायची. जे नाव निघेल त्या माणसाचा आपण देवदूत! नोव्हेनाचे नऊ दिवस आणि सणाचा दिवस, अशा दहा सकाळी त्याच्यासाठी एकेक चांगलं काम करायचं. मात्र कुणाच्या नजरेला पडायचं नाही. पडला की खेळ खलास. जो शेवटपर्यंत टिकेल त्याला मिरवणुकीत पंख.

आणि पंख म्हणजे पुठ्ठ्याचे नव्हेत हं! कॉन्व्हेंटच्या बदकांची खरीखुरी पांढरी पिसं, एकावर एक टाचलेली, खांद्यापासून थेट गुडघ्यापर्यंत. ज्याला पंख मिळत, तो मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चाले, अगदी फादरांच्याही पुढे. त्या दिवशी घरची माणसं त्याला भांडी घासायला सांगत नसत.

त्या वर्षी चौथीत जासिंता नावाची एक मुलगी होती. अंगाने एवढीशी आणि उत्साहाने सगळ्या वर्गाला पुरून उरेल अशी. पहिलीत असल्यापासून तिला ते पंख हवे होते. किती हवे होते? आईची पांढरी चादर पाठीला बांधून ती वाडीत केळींच्या ओळींमधून हळूहळू, मान ताठ ठेवून चालायची, आणि केळींना उजव्या हाताने आशीर्वाद द्यायची. तीन वर्षं तिची ही तयारी चालली होती.

चिठ्ठ्यांचा दिवस उजाडला. जासिंताने डोळे मिटून डब्यात हात घातला, चिठ्ठी उघडली आणि तिचा चेहरा पडला. चिठ्ठीवर नाव होतं कातरीन आजीचं.

"गेले तुझे पंख," शेजारी बसणारा विन्सू म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख फारसं नव्हतं.

विन्सूचं तरी काय चुकलं? कातरीन आजीचं घर गावाच्या टोकाला, खाडीच्या बांधाजवळ होतं. तिचे कान असे तिखट की कुंपणाबाहेर चिंबोरी चालली तरी ती आतून "कोण आहे?" म्हणून ओरडायची. जीभ तर कानांहून तिखट. फार वर्षांपूर्वी तिचा एकुलता एक मुलगा दुमिंग तिच्याशी भांडून बोटीवर नोकरीला गेला. तो गेला तो गेलाच, ना पत्र ना निरोप. अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून आजी कुणाकडे जात नसे आणि तिच्याकडेही कुणी जात नसे. मिस्सालाही ती शेवटच्या बाकावर बसायची आणि शेवटचा आशीर्वाद झाला रे झाला की निघून जायची.

पण जासिंता हार मानणारी नव्हती. पहिल्या सकाळी तिने चपला घरीच ठेवल्या. अनवाणी, पावलांचा आवाज न करता ती आजीच्या अंगणात शिरली. ओटीवर चार पिकली केळी ठेवली आणि श्वास रोखून परत फिरली.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

जासिंता झावळ्यांच्या ढिगामागे आडवी पडली. आजी बाहेर आली, केळी पाहिली, इकडेतिकडे पाहिलं. "कोणाची मेहेरबानी ही?" असं झावळ्यांनाच विचारल्यासारखं म्हणाली आणि केळी घेऊन आत गेली. जासिंताचं काळीज असं धडधडत होतं की तेवढ्यानेच आपण पकडले जाऊ असं तिला वाटलं. आणि मजा म्हणजे, तिला ते फार आवडलं!

दुसऱ्या सकाळी तिने विहिरीवरून पाणी आणून आजीचं पिंप काठोकाठ भरलं. तिसऱ्या सकाळी आईने गुंफलेल्या मोगऱ्याच्या हारांतला एक मागून आणला. आजीच्या अंगणात, तिकडच्या घरांसमोर असतो तसा, एक दगडी क्रूस होता. हार वर, क्रुसाच्या गळ्यात घालायचा, पण जासिंताचा हात पोचेना. उड्या मारल्या असत्या तर आवाज झाला असता. शेवटी तिने तो क्रुसाच्या एका बाजूला, आडव्या हातावर अडकवला आणि धूम ठोकली.

रोज दुपारच्या सुट्टीत वर्गात बातम्यांचा बाजार भरायचा. कोण कसा सापडला! एकाला ऐन वेळी शिंक आली. एक जण कोंबड्यांच्या खुराड्यात लपला आणि कोंबड्यांनी गाव गोळा केला. एका शहाण्याने तर आपल्या आजोबांना वाटेत गाठून सांगितलं, "आजोबा, तुमचा देवदूत मी नाही बरं का." चौदा मुलांपैकी पाचव्या दिवशी सहा उरली, सातव्या दिवशी दोन. विन्सू आणि जासिंता! आठव्या दिवशी विन्सूच्या हातून एका म्हाताऱ्याची घागर फुटली आणि तोही बाद झाला.

आता एकटी जासिंता उरली. अख्खी शाळा तिच्याभोवती नाचली. पहिलीची पोरं तिचा फ्रॉक धरून फिरायला लागली. सिस्टर बेनेदिक्तांनी कपाटातून पंख काढून तिच्या खांद्यांना लावून पाहिले आणि लांबी जरा कमी करायला हवी म्हणाल्या. जासिंताला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं, इतका आनंद झाला.

आणि आणखी एक गंमत घडत होती. कातरीन आजी बदलली होती! तिसऱ्या दिवसानंतर ती "कोण आहे?" म्हणून ओरडायची थांबली. पाचव्या दिवशी तिने ओटी सारवली. सातव्या दिवशी ती चक्क गुणगुणत होती. म्हणून जासिंता रोज क्रुसाच्या त्याच हातावर हार अडकवायची आणि मनात म्हणायची, बघा, मी किती चांगली देवदूत आहे!

नववी सकाळ आली. जासिंता हार अडकवून झावळ्यांमागे लपली तोच आजी बाहेर आली. आज तिने केस विंचरले होते. तिने हाराला हात लावला आणि रिकाम्या अंगणाकडे तोंड करून, हळू आवाजात, बोलायला लागली.

"दुमिंग, मला कळलंय रे बाबा. लहानपणी तुझा हात वर पोचायचा नाही, म्हणून तू हार असाच बाजूला अडकवून शाळेत पळायचास. आधी वाटलं, शाळेचं एखादं पोर असेल; पण असा हार दुसरं कोण घालणार? लपू नकोस. लाज कसली आईची? मी रागावलेली नाही. उद्या देवदूतांचा सण आहे. मी फुगे तळते, तुला आवडतात ना? ये, खा, आणि माझ्याबरोबर मिस्साला चल. आपण पुढच्या बाकावर बसू. सगळ्या गावाला दाखवते, माझा पोर आला म्हणून."

आजी आत गेली. झावळ्यांमागे जासिंता दगडासारखी पडून राहिली. मग उठली आणि जी पळत सुटली ती शाळेच्या चिंचेपाशी येऊन थांबली.

ती सिस्टरांकडे गेली. "सिस्टर, देवदूताने स्वतःच सांगितलं, की मी आहे, तर?"

सिस्टर बेनेदिक्ता पंखांना टाके घालत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "तर तो सापडला, बाळ. नियम म्हणजे नियम. अगं, एकच सकाळ उरली आहे तुझी, आता कसली घाई?"

हे मात्र जासिंताला पटलं. खरंच, एकच सकाळ! मिरवणूक होऊ दे, मग दुपारी सांगू. शिवाय आजी किती खूश आहे, तिची खुशी घालवायची कशाला? देवदूत गुपचूपच काम करतात, फादरसुद्धा तेच सांगतात. अशी सगळी कारणं तिने गोळा केली, आणि प्रत्येक कारण चांगलंच दिसत होतं. तरी संध्याकाळी नोव्हेनाला तिला प्रार्थनेचे शब्द आठवेनात.

सणाची सकाळ! चर्चच्या घंटा वाजत होत्या, रस्त्यावर पताका लागल्या होत्या, मडगार्डला फुगे बांधलेल्या सायकलवरून पोरं फिरत होती. जासिंता शेवटचा हार घेऊन बांधावरून निघाली. आजीच्या घरातून तळणीचा वास येत होता. ते खायचे फुगे बरं का, रबराचे नव्हेत. मैदा, अंडी आणि नारळाचं दूध कालवून पीठ आंबवायचं, आणि सणाच्या सकाळी मुठीतून एकेक गोळा कढईत सोडायचा, की तो टम्म फुगून वर येतो.

खिडकीतून जासिंताला आतलं दिसलं. टेबलावर दोन ताटल्या मांडल्या होत्या. खुर्चीच्या पाठीवर इस्त्री केलेला एक पांढरा शर्ट होता, घड्यांच्या जागी पिवळा पडलेला. आजीने सणाचं लाल लुगडं नेसलं होतं आणि ती कढईसमोर बसून गाणं म्हणत होती.

जासिंताने हार अडकवला. वळली. अंगण ओलांडलं. कुंपणाबाहेर पाऊल टाकलं. झालं! दहाही सकाळी झाल्या. कुणी पाहिलं नाही. पंख तिचे झाले होते, आता फक्त चालत सुटायचं होतं.

मागे दार उघडल्याचा आवाज आला. "आला! आला माझा दुमिंग!" आजी हातात झारा तसाच घेऊन अंगणात आली, क्रुसाकडे पाहिलं, कुंपणातून बाहेर रस्त्यावर आली. जासिंता पटकन करंजाच्या झाडाआड झाली. आजी तिच्या अगदी जवळून, अनवाणी, बांधाच्या दिशेने पळत गेली. सत्तर वर्षांची बाई, पण पळत होती! "दुमिंग! अरे, थांब! दुमिंग!" बांधावर ठेच लागून ती गुडघ्यावर पडली, उठली आणि पुन्हा हाका मारायला लागली. खाडीवर तिचा आवाज लांबपर्यंत गेला. तिकडे कुणीच नव्हतं.

जासिंताने डोळे गच्च मिटले. तिला पांढरीशुभ्र पिसं दिसली. मग तिने डोळे उघडले आणि ती झाडाआडून रस्त्याच्या मधोमध आली.

"आजी," ती म्हणाली. मग पुन्हा मोठ्याने म्हणाली, "आजी, मी आहे! हार मी घालत होते."

आजी वळली. "तू? कोणाची गं तू?"

"इनासची. जासिंता."

"केळी?"

"मीच ठेवली."

"पाणी?"

"मीच भरलं."

आजीच्या हातातला झारा खाली पडला. "आणि हार तसा बाजूला का गं अडकवायचीस?"

"माझा हात पोचत नव्हता."

आजीने वळून क्रुसाकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "कशाला केलंस हे सगळं?"

जासिंताला म्हणता आलं असतं, तुमच्यासाठी. सिस्टरांनी तसंच शिकवलं होतं. पण आजीच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, आणि तिच्यासमोर खोटं बोलायला जीभ रेटेना. "पंखांसाठी," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली. "मला पंख हवे होते, आजी. मला माहीत नव्हतं तुम्ही वाट बघाल. काल कळलं. कालच सांगायला हवं होतं, पण मी आणखी एक दिवस थांबले."

आजीने झारा उचलला. घरात गेली आणि दार लावून घेतलं.

मिस्सा झाली. आजी आली नाही. मिरवणुकीसाठी सगळी शाळा चिंचेखाली उभी राहिली. सिस्टर बेनेदिक्ता हसत हसत पंख घेऊन आल्या तशी जासिंता म्हणाली, "सिस्टर, मी सापडले. आज सकाळी."

"कुणी पाहिलं तुला?"

"मीच दिसले."

सिस्टरांना काही समजलं नाही, पण नियम म्हणजे नियम. तिच्याखालोखाल टिकलेल्या, आठव्या दिवशी सापडलेल्या विन्सूला पंख मिळाले. जासिंताच्या मापाचे ते त्याला आखूड झाले, तरी तो असा मिरवला की त्याच्या आईने तीनदा डोळे पुसले. बँड वाजला, पोरं गात निघाली. जासिंता सगळ्यात मागे, मान खाली घालून चालत होती. पंखांचं दुःख होतंच, खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त तिला ते लावलेलं दार आठवत होतं.

मिरवणूक परत आली. शाळेच्या अंगणात खाऊचं वाटप सुरू झालं, गलका उडाला, आणि अचानक सगळ्यांच्या माना फाटकाकडे वळल्या. लाल लुगडं नेसलेली कातरीन आजी आत येत होती. गुडघ्यावर फडकं बांधलेलं, काखेत भलीमोठी टोपली. लहान पोरं भराभर बाजूला झाली. आजी लंगडत लंगडत सरळ जासिंतासमोर येऊन उभी राहिली.

"एवढे फुगे मी एकटीने खायचे का गं?" तिने विचारलं. नेहमीसारखंच तिखट.

फादर आणि सिस्टर लगबगीने पुढे आले. आजीने त्यांच्याकडे वळून टोपली बाकावर ठेवली.

"फादर, अकरा वर्षं झाली," ती म्हणाली. "नाताळ आला की माझ्या ओटीवर पिशवी येते. ईस्टर आला की पिशवी येते. चांगलं सामान असतं, नाही म्हणत नाही. पण ठेवतात आणि पळतात. मी दार उघडते तोवर अंगणात कुणी नसतं. मग सांगा, मी माझा पोरच आला असं का समजू नये? निदान त्याला तरी लपायला कारण आहे. तुम्ही सगळे कशाला लपता?"

पिशव्या ठेवणारी बरीच मंडळी तिथेच उभी होती, आणि प्रत्येकाला आपापला खाऊ एकदम न्याहाळावासा वाटला.

"ही एवढीशी पोर," आजी म्हणाली, "पंखांसाठी आली होती, तसं तिने मला तोंडावर सांगितलं. खूप राग आला मला. दार लावून घेतलं. मग बसल्या बसल्या डोक्यात आलं, अकरा वर्षांत माझ्या दारासमोर थांबून 'मी आहे' म्हणणारी ही पहिलीच." एवढं बोलून तिने टोपलीवरचं फडकं काढलं, सगळ्यात मोठा फुगा निवडला आणि जासिंताच्या हातात ठेवला. "खा. आणि रडून वातड करू नकोस."

जासिंता खाऊ लागली. रडत रडत, हसत हसत, दोन्ही एकदम. पाहता पाहता टोपलीभोवती झुंबड उडाली. विन्सू पंखांसकट आत घुसला, आणि आजी "रांगेत या रे, माकडांनो!" म्हणून ओरडत होती, आणि कुणीही घाबरत नव्हतं.

सिस्टर बेनेदिक्ता तोवर एका बाजूला उभ्या होत्या. मग त्या आजीजवळ आल्या. "कातरीनबाय, माझंही चुकलं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं पोरांना लपायला शिकवलं. दार वाजवायला शिकवायचं राहून गेलं."

पुढच्या वर्षी चिठ्ठ्या निघाल्या, पण नियम बदलला होता. नऊ दिवस लपून काम करायचं आणि सणाच्या सकाळी दार वाजवून सांगायचं, मी होतो, मी होते. मग आत जाऊन, बसून, त्या माणसाबरोबर खायचं. पंख सगळ्यांनी आळीपाळीने घालायचे. पहिल्या वर्षी पोरांना ती शेवटची सकाळ फार जड गेली. कुंपणातून हळूच शिरणं सोपं होतं, दार वाजवताना मात्र भल्याभल्यांनी दोनदोनदा हात मागे घेतला.

दुमिंग काही आला नाही. ते दुःख आजीपाशी राहिलंच, कुणाला ते पुसता आलं नाही. पण जासिंता सापडली त्या सणाच्या दिवशी, टोपली रिकामी झाल्यावर, आजी घरी निघाली तेव्हा जासिंता तिच्या मागे मागे फाटकापर्यंत गेली.

"आजी, उद्या येऊ का मी? उद्या चिठ्ठी नाहीये."

आजीने थांबून तिच्याकडे पाहिलं. लुगड्याचा पदर सारखा केला.

"ये," ती म्हणाली. "हाक मारत ये."

तात्पर्य, बाळांनो, एवढंच: उपाशी माणसाच्या दाराशी अन्न ठेवून येणं चांगलंच, पण एकटा माणूस वाट बघतो ती अन्नाची नव्हे, ते घेऊन येणाऱ्याची. म्हणून द्यायला जाल तेव्हा दार उघडेपर्यंत थांबा.